कबरस्तानातला जुना घुमट कसा वाचावा

मराठवाड्यात तालुक्याच्या जुन्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठी किंवा पूर्वीच्या गाडीवाटेला लागून कबरस्तान असते, आणि त्यात बहुधा एखादा काळ्या दगडाचा घुमट निंब-बाभळींच्या गर्दीत उभा असतो. कोणी त्याला मकबरा म्हणतात, कोणी गुंबद, कोणी नुसतेच घुमट. आत कोण निजले आहे असे विचारले, तर 'बादशाही अमलातला कोणी सरदार होता' एवढेच उत्तर मिळते. खुलताबादच्या दर्ग्यांवर आणि बीबी का मकबऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गावोगावच्या या लहान घुमटांवर मात्र पाटी नाही, त्यांची नोंद नाही, आणि दर पावसाळ्यात त्यांच्या गिलाव्याचा एखादा पोपडा, कधी छज्जाचा एखादा दगड, कधी शिलालेखातली दोन अक्षरे कायमची जातात. अशा एका इमारतीची नीट नोंद करायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. चार-पाच फेऱ्या, एक जोडीदार, मोजपट्टी आणि धीर एवढ्या भांडवलावर ते काम उत्तम होते.

एक क्रम मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा: आधी इमारत, मग कागद, आणि नाव सर्वांत शेवटी. बहुतेक हौशी अभ्यासक नेमके उलटे करतात. गावात कोणीतरी एक नाव सांगते, ते डोक्यात बसते, आणि मग प्रत्येक कमान, प्रत्येक कोनाडा त्या नावाच्या काळातलाच दिसू लागतो. नाव चुकीचे निघाले तर सगळी नोंद वाया जाते; उलट इमारतीची मापे आणि छायाचित्रे नीट घेतलेली असतील, तर नाव कधीच सापडले नाही तरी ती नोंद पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

जाण्यापूर्वी

कबरस्तान ही पडीक जागा नसते. तेथे आजही लोक आपल्या माणसांना दफन करतात, गुरुवारी अगरबत्ती लावतात, शब-ए-बरातीला दिवे लावतात. म्हणून सर्वप्रथम मुजावरांना (कबरीची सेवा-देखभाल करणाऱ्यांना) किंवा कबरस्तानाची व्यवस्था पाहणाऱ्या मुतवल्लींना भेटावे, काय करायचे आहे ते स्पष्ट सांगावे आणि मोजमापे व छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी. 'चाचा, दगड हलवणार नाही, काही उकरणार नाही, फक्त मोजणार आणि लिहिणार' हे वाक्य मला आजवर सर्वांत उपयोगी पडले आहे. आत जाताना पादत्राणे बाहेर ठेवावीत, डोक्यावर रुमाल किंवा टोपी घ्यावी, कबरीवर गलेफ (चादर) असेल तर तो मुजावरांखेरीज कोणी उचलू नये. काही ठिकाणी स्त्रियांनी कबरीच्या खोलीत जाऊ नये असा रिवाज असतो. तो तेथे आहे की नाही हे आधीच विचारून घ्यावे, म्हणजे दारात अवघडलेपणा होत नाही. दफनविधी चालू असेल त्या दिवशी काम बंद ठेवावे.

काळ निवडायचा तर दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंतचा निवडावा. गवत वाळलेले असते, ऊन तिरपे पडते आणि सापाची भीती पुष्कळ कमी झालेली असते. एका गोष्टीकडे मात्र फार काळजीपूर्वक पाहावे: घुमटाच्या गळ्याखाली किंवा छज्जाच्या आडोशाला आग्या मोहोळ आहे का? असल्यास धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा टाळावा, आणि माश्या अस्वस्थ दिसल्या तर त्या दिवशी परत फिरावे.

सोबत लांब कापडी टेप, पाच मीटरची लोखंडी टेप, ओळंबा, होकायंत्र, चांगली बॅटरी, चौकटीचा कागद, पेन्सिल आणि एक लहान आरसा न्यावा. आरशाचे काम पुढे येईलच.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत काही लिहू नये. इमारतीभोवती दोन प्रदक्षिणा सावकाश घालाव्यात आणि दार कोणत्या दिशेला आहे, कोणती भिंत बंद आहे, जोते किती उंच आहे, आजूबाजूच्या कबरी इमारतीशी समांतर आहेत की तिरप्या, एवढेच पाहावे. मग होकायंत्र काढावे. मुस्लिम दफनात आपल्याकडे देहाचे डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला आणि चेहरा पश्चिमेकडे, म्हणजे किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला), असतो. त्यामुळे कबरीची लांबी दक्षिणोत्तर असते, पश्चिमेच्या भिंतीत बहुधा मेहराबीसारखा कोनाडा असतो आणि मुख्य दार पुष्कळदा दक्षिणेला, पायांच्या बाजूला ठेवलेले असते. मराठवाड्यातून मक्केची नेमकी दिशा सरळ पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेकडे येते. जुन्या इमारती कधी या दिशेला, कधी सरळ पश्चिमेला लावलेल्या आढळतात, म्हणून अंश मोजून लिहावेत, 'पश्चिमाभिमुख' असे ढोबळ लिहू नये.

ही दिशा पाहण्याचे आणखी एक कारण आहे. घुमट दिसला की ती मुसलमानी कबरच, असे गृहीत धरले जाते, आणि ते खरे नाही. जालन्याच्या सीमेपलीकडे सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची समाधी पाहावी. लखुजीरावांची १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात मुलांसह हत्या झाली, आणि त्यांची समाधी त्या काळच्या दख्खनी पद्धतीने, घुमटाखाली बांधलेली आहे. घुमट ही त्या काळातल्या सगळ्याच मातब्बर घराण्यांची बांधणी होती. गवंडी तेच होते, चुना तोच होता. जालना आणि हिंगोली येथे इंग्रज अमलदारांच्या छावण्या होत्या, आणि ख्रिस्ती थडगी साधारणपणे पूर्व-पश्चिम असतात. म्हणजे नुसत्या होकायंत्राने अर्धा प्रश्न सुटतो.

मोजमाप

दुसऱ्या फेरीला जोडीदार हवाच. बाहेरच्या चारही बाजू जोत्यावरून, कोपरा ते कोपरा मोजाव्यात. मग आतल्या चारही बाजू, दाराची रुंदी, भिंतीची जाडी (ती दारात सहज मिळते), आणि शेवटी आतले दोन्ही कर्ण. कर्ण मोजण्याचा कंटाळा करू नये. मी एका घुमटाच्या चारही बाजू मोजून त्या सारख्या भरल्या म्हणून चौरस काढून मोकळा झालो होतो. महिन्याभराने कर्ण मोजले तेव्हा दोहोंत जवळजवळ वीतभर फरक निघाला. टेप सैल राहिली असेल म्हणून पुन्हा मोजले, तरी तेच. मग भिंती एकेक करून निरखल्या, तेव्हा पूर्वेच्या भिंतीतल्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, इतर तिन्हींपेक्षा रुंद आणि चिरे लहान असल्याचे दिसले. ती भिंत केव्हातरी पडून पुन्हा बांधून काढलेली होती, आणि बांधताना किंचित बाजूला सरकली होती. त्या इमारतीच्या इतिहासातली एक मोठी घटना मला केवळ त्या वीतभर फरकामुळे कळली.

उंची काढायला शिडी लावू नये. छज्जावर किंवा कठड्यावर तर मुळीच चढू नये. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेबाराच्या सुमारास आपल्याकडे सावली नेमकी उत्तरेला पडते. त्या वेळी एक मीटरची काठी ओळंब्याने उभी धरून तिची सावली मोजावी आणि लगेच घुमटाच्या टोकाच्या सावलीचे भिंतीपासूनचे अंतर मोजावे. घुमटाचे टोक भिंतीवर नसून इमारतीच्या मध्यावर असते, म्हणून या अंतरात इमारतीची अर्धी रुंदी मिळवावी लागते. हे विसरले की उंची कित्येक फूट कमी येते. नंतर साधे त्रैराशिक.

मापे मीटरमध्ये लिहावीत, पण हाताशी गजाचाही विचार ठेवावा. मोगल काळातला इलाही गज सुमारे ३२ ते ३३ इंचांचा धरतात. आतली बाजू किंवा दाराची रुंदी अशा गजाच्या पूर्ण पटीत बसत असेल, तर बांधणाऱ्याने आराखडा कसा मांडला होता याचा धागा मिळतो. तो पुरावा मानू नये, धागाच मानावा.

चौकोनावर गोल बसतो कसा

या इमारतींमधली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट आत, मान वर केल्यावर दिसते. खाली खोली चौरस आहे आणि वर घुमट गोल आहे. चौरसाचे चार कोपरे गोलाच्या बाहेर राहतात, आणि त्या मोकळ्या कोपऱ्यांवर दगड अधांतरी ठेवता येत नाही. गवंड्याने यावर काढलेली तोड बॅटरी लावून नीट पाहावी. प्रत्येक कोपऱ्यात, भिंतीच्या वरच्या भागात, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर तिरपी टाकलेली लहान कमान असते. चार कोपऱ्यांत चार कमानी आल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो. काही ठिकाणी त्यावर पुन्हा लहान कोनाड्यांची किंवा पुढे काढलेल्या दगडांची ओळ येते आणि सोळा बाजू होतात. सोळा बाजूंवर गोल थर सहज बसतो. काही इमारतींत तिरप्या कमानींऐवजी नुसते पुढे पुढे काढलेले थर असतात, काहींत चुन्याची मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी करून हा सांधा झाकलेला असतो. यांपैकी कोणता प्रकार आहे हे लिहावे आणि चारही कोपऱ्यांचे वेगवेगळे छायाचित्र घ्यावे, कारण चारही सारखे असतातच असे नाही.

नंतर घुमटाचे वजन कोठे जाते याचा विचार करावा. घुमट नुसता खाली दाबत नाही. त्याचा तळ बाहेर पसरू पाहतो. म्हणून भिंती इतक्या जाड असतात, म्हणून घुमटाच्या तळाशी दगडी पट्टा असतो, आणि म्हणूनच घुमटाला जाणाऱ्या भेगा बहुधा तळापासून वर उभ्या चढतात. बाहेरचा आणि आतला घुमट एकच आहे की दोन वेगळे थर आहेत, हे आतली उंची आणि बाहेरची उंची ताडून पाहिल्यावर कळते. दोन्हींत फार मोठा फरक असेल तर मध्ये पोकळी असणे शक्य आहे, मात्र ती शोधण्यासाठी कोठेही ठोकू नये.

दगड आणि चुना

आपला दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. त्यातही दोन प्रकार वेगळे ओळखावेत: एक घट्ट, निळसर काळा, ज्यावर नक्षी उठते, आणि दुसरा बारीक छिद्रांचा, कधी पांढऱ्या खड्यांनी भरलेला, जो भराव्याला आणि आतल्या भिंतीला वापरत. दर्शनी चिरे घडीव आणि आतला गाभा अनघड दगड व चुन्याचा, अशी बांधणी सर्रास आढळते. दरजा पाहाव्यात. यादवकालीन, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो त्या बांधणीत दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेला असतो आणि छत खांब-तुळयांवर तोललेले असते; घुमट-कमानीच्या कामात चुन्यावाचून चालतच नाही.

चिऱ्यांवर टाकीचे घाव कोणत्या दिशेने आहेत, एकाच हाताचे वाटतात की नाही, तेही टिपावे. कधी कधी एखाद्या चिऱ्यावर त्या इमारतीशी मेळ नसलेली नक्षी दिसते, म्हणजे तो दगड दुसऱ्या पडक्या इमारतीतून आणलेला असतो. घडलेला दगड पुन्हा वापरणे ही सर्व काळातली आणि सर्व धर्मांच्या बांधकामांतली रीत आहे. त्याचे माप, छायाचित्र आणि जागा लिहावी. तो कोणी कोठून कसा आणला याची कथा मात्र पुराव्याशिवाय लिहू नये, कारण अशा एका सैल वाक्याने गावात कलह होऊ शकतो.

चुन्याकडे विशेष लक्ष द्यावे. भाजलेला चुना आणि वाळू बैलांच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असे पदार्थ घालून तयार होत असे. जुन्या गिलाव्याचा आपोआप पडलेला तुकडा हातात घेतला तर त्यात बारीक खडे आणि पांढरे कण दिसतात. असा तुकडा कागदात गुंडाळून, कोठे सापडला ते लिहून मुजावरांकडेच ठेवावा. भिंतीवरून खरवडून मात्र काही काढू नये.

काळाचा अंदाज

शिलालेख नसेल तर घडणीवरून काळ ठरवावा लागतो, आणि घडण फार तर अर्ध्या शतकाचा पल्ला दाखवते, वर्ष दाखवत नाही. १३४७ मध्ये दौलताबादेत बहमनी राज्य उभे राहिले. त्या सुरुवातीच्या काळातल्या इमारतींच्या भिंती किंचित आत कललेल्या, घुमट बसका आणि सजावट अगदी थोडी असते. पुढे घुमट वर उचलला जातो, त्याच्या तळाशी कमळपाकळ्यांची ओळ येते. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात (१४९० ते १६३६) काळ्या दगडातच नाजूक जाळ्या, तोडे (छज्जा तोलणारे पुढे काढलेले दगड) आणि छज्जे कोरण्याची हातोटी वाढली. मोगल अमलात चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्याला महत्त्व आले, आणि १७२४ नंतरच्या आसफजाही, म्हणजे हैदराबादच्या निजामांच्या, काळात पाकळ्यांच्या कमानी, बारीक मिनार आणि चुन्यातली फुलवेल यांची रेलचेल झाली. तालुक्याच्या गावात मात्र नवी तऱ्हा उशिरा पोचते आणि जुनी उशिरापर्यंत टिकते. त्यामुळे 'या घडणीचा' असे लिहावे, 'या सालचा' असे लिहू नये.

ताडून पाहण्यासाठी दोन इमारती स्वतः जाऊन पाहाव्यात असा माझा आग्रह आहे. एक खुलताबादची मलिक अंबरची कबर: काळ्या दगडाचे, भारदस्त, दर्शनी भिंतीत कमानींचे कोनाडे असलेले काम. दुसरी छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा, जो १६५७ मध्ये निवर्तलेल्या दिलरस बानू बेगमसाठी, म्हणजे औरंगजेबाच्या पत्नीसाठी, बांधला गेला आणि ज्याच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावे आहेत. तेथे संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे, आणि मधला पुष्कळसा भाग दगडावर चढवलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे. ताजमहालाशी तुलना करून त्याला उणे ठरवणे मला पटत नाही, कारण संगमरवराचा भास चुन्यात उतरवण्याचे ते कौशल्य गावोगावच्या घुमटांवरही दिसते.

आणि घुमटाच्या आकारावरून आतल्या माणसाचे मोठेपण मोजू नये. १७०७ मध्ये वारलेल्या औरंगजेबाची कबर खुलताबादेत शेख झैनुद्दीनांच्या दर्ग्यात उघड्या आभाळाखाली, मातीची आहे. भोवतालची संगमरवरी जाळी नंतरची. साम्राज्याच्या धन्यावर घुमट नाही, आणि एखाद्या किल्लेदारावर असू शकतो.

शिलालेख

शिलालेख दाराच्या माथ्यावर, मेहराबीत किंवा कबरीच्या उशाला शोधावा. चुन्याच्या आणि रंगाच्या थरांखाली अक्षरे बुजलेली असली तरी तिरप्या उजेडात उठून दिसतात. हिवाळ्यात सकाळी लवकर दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ घासून जाते; त्या वेळी छायाचित्र घ्यावे. आत अंधार असेल तर दारात उभ्या जोडीदाराने आरशाने उन्हाचा कवडसा बाजूने टाकावा, अगदी भिंतीलगत, आणि आरसा हळूहळू फिरवत निरनिराळ्या कोनांतून आठ-दहा छायाचित्रे घ्यावीत. एका कोनातून न दिसलेले अक्षर दुसऱ्या कोनातून दिसते. अक्षरांत खडू, पीठ, राख, तेल भरू नये. तारेच्या घासणीचा तर विचारही करू नये. आमच्या भागातला एक लेख एका भल्या माणसाने उरुसापूर्वी पुण्यकर्म म्हणून आम्लाने धुतला. दगड चकचकीत झाला आणि शेवटची ओळ, जिच्यात साल असते ती, पुसट झाली. त्या लेखाचे जुने छायाचित्र कोणापाशीही नाही, आणि याची हळहळ मला आजही वाटते.

वाचनासाठी गावातल्या उर्दू शिक्षकांची मदत घ्यावी, पण लेख बहुधा फारसी किंवा अरबी असतो आणि जुने वळण वाचायला तयारी लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे; तेथे स्पष्ट छायाचित्रे मापासह पाठवावीत. साल हिजरी असते. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान; इसवी सन काढायला हिजरी सालातून शंभरी तीन वजा करून उरलेल्यात ६२२ मिळवावेत. मलिक अंबरचा मृत्यू हिजरी १०३५ मधला. त्यातून ३१ गेले, १००४ राहिले, ६२२ मिळवले की १६२६ येते, आणि तेच बरोबर आहे. कधी साल आकड्यांत नसून कवितेच्या एखाद्या चरणात दडवलेले असते. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला मूल्य असते, आणि 'अल्लाह' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज ६६ होते तशीच त्या चरणाची बेरीज करून साल काढतात. ही बेरीज जाणकाराकडूनच करून घ्यावी.

लेख नसला तरी कबरीचा दगड बोलतो. माथ्यावर कलमदानासारखा उंचवटा असेल तर तो बहुधा पुरुषाचा, आणि सपाट पाटीसारखा भाग असेल तर स्त्रीचा, असा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळलेला दिसतो. गावकरी ज्याला सरदाराची कबर म्हणतात तेथे अशी पाटी आढळली, तर ती कोणाची याचा नव्याने विचार करावा लागतो.

कागद

आता तहसील कार्यालयाकडे वळावे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. सर्व्हे क्रमांक घेऊन सातबारा, त्यामागचे १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि त्याही आधीचे सेतवार (मूळ मोजणीची जमीन-नोंद), या क्रमाने मागे जावे. घुमटाच्या दिवाबत्तीसाठी जमीन दिलेली असेल तर खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या) इनामाची नोंद सापडते, आणि मुंतखब (इनामाच्या चौकशीचा निर्णय-कागद) मिळाला तर त्यात मूळ दान कोणाच्या नावे होते ते असू शकते. येथे तारखा फसली, म्हणजे महसुली, सालाच्या असतात. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवावेत, जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१. वक्फ (धर्मादाय) मिळकत असल्यास तिची नोंद वक्फ मंडळाकडे असते; मंडळाचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू केले आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. त्या खात्याचे वार्षिक अहवाल आणि औरंगाबाद जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहावे.

सर्व्हे क्रमांक तपासताना इमारत संरक्षित आहे का हेही विचारावे. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा असे दोन स्वतंत्र कायदे आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. बहुसंख्य गावघुमट मात्र कोणत्याच यादीत नसतात.

लोक काय सांगतात

आता नाव विचारावे. किमान तीन वेगवेगळ्या घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून, वेगवेगळ्या दिवशी ऐकावे आणि त्यांच्याच शब्दांत, दख्खनी असेल तर दख्खनीत, उतरून घ्यावे. संदल (उरुसातली चंदनाची मिरवणूक) कोणाच्या घरून निघतो, गलेफाचा मान कोणाचा, उरूस कोणत्या महिन्यात भरतो, नवस कशाचे बोलतात, या प्रश्नांची उत्तरे नावापेक्षा पक्की असतात, कारण मानपान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मराठवाड्यात हा मान पुष्कळदा हिंदू पाटील-देशमुखांच्या घराकडेही असतो, आणि तसे असल्यास त्या घरातले जुने कागद पाहायला मिळतात का हे नम्रपणे विचारावे. आख्यायिका नोंदीत स्वतंत्र पानावर लिहावी आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या घरच्या माणसाने सांगितली तेही लिहावे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीनेच घालावे.

दुखणी

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेले लोक घुमटातल्या भेगेकडे बोट दाखवून 'ही तेव्हाची' म्हणतात. ती जुनी आहे की अजून वाढते आहे, हे पाहण्याची सोपी रीत आहे: मुजावरांच्या परवानगीने भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरच्या बोटभर ठिपक्याने बसवावी, मात्र ती फक्त साध्या गिलाव्यावर, नक्षी किंवा अक्षरे नसतील तेथे, शेजारी तारखेची चिठ्ठी धरून छायाचित्र घ्यावे. भेग हलली तर काच तडकते.

घुमटावर पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो ओढून काढू नये; मुळांबरोबर दगड येतात. तो कापून, पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा कापून, जाणकाराकडून मुळे मारून घ्यावी लागतात. सर्वांत मोठे नुकसान मात्र प्रेमापोटी होते: सिमेंटचा गिलावा आणि ऑईलपेंट. चुन्याच्या गाभ्यात शिरलेले पावसाचे पाणी चुन्यातूनच वाळून बाहेर पडते. वरून सिमेंट किंवा तेलरंग बसला की ते आत कोंडते, क्षार फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा दगडाच्या कपच्यांसह सुटतो. समितीला रंग द्यायचाच असेल तर साधा चुना द्यावा आणि शिलालेख, नक्षी, जाळी वगळावी, एवढी विनंती आवर्जून करावी. पन्हळी मोकळ्या करून देणे हे तर कोणालाही जमणारे काम आहे, आणि बहुतेक घुमटांना त्याचीच खरी गरज असते.

कबर किंवा जोते ताजे उकरलेले दिसले तर ते गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांचे काम असते. छायाचित्र घेऊन त्याच दिवशी मुजावर, तहसीलदार आणि पोलीस ठाणे यांना कळवावे, आणि अशा एकाकी इमारतीचा नेमका नकाशा समाजमाध्यमांवर टाकू नये.

नोंद पुरी झाली की तिच्या तीन प्रती कराव्यात: एक मुजावरांकडे, एक गावच्या ग्रंथालयात, एक आपल्यापाशी. प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, दिशा आणि कोणत्या भिंतीचे ते लिहावे. त्यानंतर दर वर्षी पावसाळा सरला की, दसऱ्याच्या सुमारास, त्याच जागी उभे राहून त्याच चार बाजूंची छायाचित्रे पुन्हा घ्यावीत, पन्हळी पाहाव्यात, काचेची पट्टी तडकली आहे का ते पाहावे आणि तारीख टाकून वहीत लिहावे.